वेधशाळेतल्या मामांचा बावटा

सरकारी समित्यांवर जीव लावणारा माणूस अख्ख्या कोकणपट्टीत शोधून एकच सापडेल, आणि ते म्हणजे आमच्या हिचे मामा. लोक नाटकावर जीव लावतात, पत्त्यांवर लावतात, कुणी म्हाताऱ्या गाईवर लावतात, ते मी समजू शकतो. पण कुठल्या तरी समितीने कुठल्या तरी यंत्राबद्दल काय ठरवलं याची वाट एखादा माणूस मुलीच्या बाळंतपणाची बघावी तशी बघतो, हे मला लग्नाआधी कुणी सांगितलं असतं तर मी हसण्यावारी नेलं असतं. आणि बरं, वाट बघायची तर स्वतःच्या घरी बघावी ना! रत्नागिरीत झेरॉक्सची दुकानं काय थोडी आहेत? कोर्टापासून जिल्हा परिषदेपर्यंत चालत जा, हाकेहाकेवर एकेक यंत्र घरघरत असतं. पण मामांना समितीचे कागद छापून हवेत ते माझ्याच दुकानात, तेही पाठकोऱ्या कागदांवर, तेही नेमके सकाळी दहाच्या ठोक्याला, जेव्हा दाखल्यांच्या नकला काढायला माणसं एकमेकांच्या पायावर उभी असतात. त्यातून मामांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, म्हणून जगातल्या सगळ्यांचाच डावा कान गेलाय असं समजून ते बोलतात. "जावईबापू! मूत्रपिंडाचं नामंजूर!" असं ते दारातून ओरडले, की रांगेतली एखादी बाई दचकून स्वतःचीच पाठ चाचपते.

आता हे मूत्रपिंडाचं काय प्रकरण, ते सांगायला हवं. नवं औषध निघालं, नवं यंत्र निघालं, नवी तपासणी निघाली, की ती सरकारी योजनेत घ्यायची की नाही हे ठरवायला शहाणी माणसं बसवलेली असतात. गुण किती, खर्च किती, आणि तेवढ्याच खर्चात दुसऱ्या कशाने जास्त लोकांचं भलं होईल का, याचा ती काथ्याकूट करतात. याला आरोग्य तंत्रज्ञान मूल्यमापन म्हणतात. हे नाव मला न अडखळता म्हणता येतं, याचाच मला भयंकर राग येतो. मी साधा बी.कॉम. झालेला माणूस, यंत्रात कागद अडकला तर तो कसा काढायचा एवढं कळलं की मला पुरे. पण मामांनी ते नाव माझ्या डोक्यात खिळ्यासारखं ठोकलं. सुरुवात झाली त्यांच्या कानापासून. निवृत्तीनंतर कान गेला तेव्हा त्यांनी सरकारी दवाखान्यात कानात बसवायचं एक यंत्र मागितलं. खिडकीतला माणूस म्हणाला, "यादीत नाही." का नाही? "वरून आलेलं नाही." दुसरा कुणी असता तर दोन शिव्या हासडून घरी गेला असता. मामांनी विचारलं, "वर म्हणजे नेमकं कुठे?" त्या माणसाने पंख्याकडे बोट दाखवलं. मामा तिथून जे निघाले ते ही वरची जागा शोधतच सुटले. सात-आठ महिन्यांनी त्यांना ती समिती सापडली, आणि मग तिच्या वासावर विलायतेतली, थायलंडातली, कुठकुठल्या देशांतली अशा तिच्या सगळ्या बहिणी सापडल्या. कानाचं यंत्र राहिलं बाजूला. ते आजतागायत बसवलेलं नाही.

मामांची नोकरी वेधशाळेतली. रोज सकाळी साडेआठला पांढऱ्या पेटीतला तापमापक वाचायचा, पावसाचं माप काढायचं, आकाशाचे आठ भाग कल्पून त्यातले किती ढगांनी व्यापलेत ते लिहायचं, आणि आकडे पुढे धाडायचे, यात सगळी हयात गेली. मामा निवृत्त झाले, साडेआठ काही निवृत्त झाले नाहीत. मिरकरवाड्याच्या वरच्या अंगाला, बंदराकडे तोंड करून त्यांचं घर आहे. तिथे पडवीत ते आजही बरोबर साडेआठला इस्त्रीची पँट, खोचलेला शर्ट आणि पॉलिश केलेले बूट घालून उभे राहतात आणि मोबाइलवर एकेका समितीचं पान उघडतात. आपल्याच पडवीत बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. "निरीक्षण अनवाणी करत नाहीत," म्हणाले. नवीन काही नसेल तर वहीत 'निरंक' असं लिहून खाली सही करतात. वही जुन्या निरीक्षणवहीसारखीच आखलेली. पावसाच्या रकान्यात आता मंजुऱ्या असतात आणि ढगांच्या रकान्यात समितीच्या मनातला संशय, तोही आठ भागांत. "यकृताच्या औषधाबद्दल आठापैकी पाच भाग संशय आहे," हे ते इतक्या गंभीरपणे सांगतात, की मी एकदा नकळत छत्री आणलीय का ते बघितलं.

हेही मी सोसलं असतं. पण या समित्यांची एक मोजायची पद्धत आहे, तिने आमच्या सगळ्या नातेवाइकांना पळता भुई थोडी केली. माणूस वर्षभर धडधाकट जगला तर त्या वर्षाला पुरा एक गुण. दुखत-खुपत, खोकत, लंगडत जगला तर त्या मानाने कमी. समितीवाले बिचारे हे कागदावर करतात, मामा लग्नाच्या पंगतीत करतात. मालगुंडला एका लग्नात वरबाप वाढायला आला, तर जिलबी घेता घेता मामा मला म्हणाले, "शून्य पूर्णांक सात. छातीत शिट्टी वाजतेय." म्हणजे त्यांना वाटलं की ते माझ्या कानात म्हणाले. ऐकलं सगळ्या पंगतीने. मला त्यांनी शून्य पूर्णांक आठ दिले आहेत. मी कारण विचारलं. "गुडघा आणि स्वभाव." मी म्हटलं, "मामा, समिती स्वभावाचे गुण कापते?" "समिती नाही कापत. मी कापतो!" हिला मात्र पुरा एक, कारण ही भाची. मी म्हटलं, मग मामींना किती? तर मामा ताकाची वाटी तोंडाला लावून बसले. मामी हसून म्हणाल्या, "माझं मूल्यमापन अजून व्हायचंय, जावईबापू."

या सगळ्याच्या मुळाशी एक जुनं दुखणं आहे, ते मला फार उशिरा कळलं. वेधशाळेत मामांनी फक्त नोंद करायची. अंदाज वर्तवायचा तो वरच्या हापिसाने. डोळ्यांदेखत समुद्रावर काळं भरून यायचं, हाडं सांगायची की आता तासाभरात झोडपणार, आणि मामा आपले 'नैर्ऋत्येला ढग, आठापैकी सहा' एवढंच लिहून गप्प. शेजारणी विचारायच्या, मामा, कोकमाची सोलं वाळत घालू का? मामा म्हणायचे, "अंदाज माझ्या अखत्यारीत नाही." जिभेवर आलेला अंदाज माणसाने जन्मभर गिळायचा म्हणजे काय होतं, ते निवृत्तीनंतर दिसलं. मामांनी जुन्या कॅलेंडरांच्या मागच्या बाजू एकमेकींना चिकटवल्या आणि पडवीच्या भिंतीभर समित्यांच्या निर्णयांचा आलेख काढला. हृदयाकडे कल चढता, गुडघ्यांकडे उतरता, दातांकडे कुणी ढुंकून बघत नाही. परदेशातल्या समितीने एखादी गोष्ट घेतली की किती दिवसांनी आपल्याकडे वारं फिरतं, त्याचे बाण. "कल बघा, जावईबापू, कल! निर्णय म्हणजे एका दिवसाचा पाऊस. कल म्हणजे हवामान!" आणि सांगायला लाज वाटते, पण मेले ते अंदाज पुष्कळदा खरेही व्हायचे.

बावट्याची भानगड यातूनच निघाली. निर्णय झाला तर तो जगाला कळायला नको का? म्हणून मामांनी अंगणात एक उंच बांबू रोवला, आणि बंदरावर वादळाचा बावटा लावतात तसा निर्णयाचा बावटा लावायला सुरुवात केली. मंजूर असेल तर त्यांचं पांढरं उपरणं. नामंजूर असेल तर तांबडा पंचा. आणि 'अधिक पुरावा मागवावा' असं म्हणून विषय पुढे ढकलला असेल, तर मामींच्या जुन्या हळदी पातळाचा तुकडा. मी म्हटलं, "मामा, हे खाली कुणाला काय कळणार?" म्हणाले, "ज्याला कळणार नाही तो विचारायला येईल." आणि आला की एक जण! मिरकरवाड्यातला एक तांडेल, म्हणजे ट्रॉलरवरचा मुख्य माणूस, चांगला आडदांड, तणतणत पडवीत येऊन उभा राहिला. मी तेव्हा मामांचे कागद पोचवायला गेलो होतो. हो, पोचवायलासुद्धा मीच. झालं होतं असं, की आदल्या दिवशी तांबडा पंचा वर चढलेला बघून याने ट्रॉलर बंदरातच ठेवला, याचं बघून आणखी दोघांनी ठेवले, आणि समुद्र दिवसभर परातीतल्या पाण्यासारखा निवांत. बाकीचे बांगड्याने भरून परत आले.

"मामानू, बावटा कशाला लावलाव?"

"गुडघ्याच्या सांध्याचं नामंजूर झालं म्हणून."

तांडेलाने माझ्याकडे बघितलं, मामा बरे आहेत ना, अशा नजरेने. मग म्हणाला, "गुडघ्यापायी माझा बांगडा घालवलाव?" मी मधे पडलो. म्हटलं, अरे पण तुम्हाला मोबाइलवर हवामान दिसतं ना? तर माझ्यावरच डाफरला. "मोबाइल कायपन दाखवतो. मामांचा जन्म गेलाय आभाळ बघण्यात." झालं! मामांची छाती दोन बोटं फुगली. त्याला बसवलं, मामींनी कोकमाचं सरबत दिलं, आणि मूल्यमापन म्हणजे काय यावर अर्धा तास ओरडून व्याख्यान झालं. मला वाटलं, आता हा मामांना उचलतो आणि धक्क्यावरून खाली सोडतो. पण तो पेला खाली ठेवून म्हणाला, "म्हंजे आमच्या लिलावासारखंच. बोली लावायच्या आधी कल्ले उघडून बघायचे, मासळी ताजी हाय का." मामांनी मांडीवर थाप मारली. "बघा जावईबापू! तुम्हाला दोन वर्षांत कळलं नाही ते याला एका सरबतात कळलं!" तांडेल पुढे म्हणाला, "पन कल्ले बघत कोन दिवसभर बसत नाय. तवर मासळी कुजते." हे मामांनी ऐकलं नाही. ते माझ्याकडे वळले होते आणि त्यांचा डावा कान तांडेलाकडे आला होता.

मग मागच्या वर्षी मामींनी बांबूची तक्रार केली. मामी गुहागरच्या, बोलायला मऊ, कामाला वाघ. दुपारच्या त्या पडवीत बसून जुन्या पातळांच्या गोधड्या शिवतात, आणि सुई ओवताना उजवा डोळा मिटायची त्यांना पहिल्यापासून खोड. एका दुपारी सुई ओवता ओवता त्यांनी तसंच वर बघितलं आणि म्हणाल्या, "अहो, तुमचा बांबू वाकलाय." मामांनी बघितलं, बांबू ताठ. "कुठे गो वाकलाय?" "मधेच पोट आलंय त्याला." वेधशाळेतल्या माणसाने रोवलेला बांबू वाकडा म्हणजे काय! मामांनी गवंड्याचा ओळंबा मागून आणला, बांबू उपटला, फिरवून पुन्हा रोवला. "आता?" "अजून तसाच आहे हो." तीनदा उपटला. शेवटी मला दुकान बंद करायला लावून बोलावलं, खालून तांडेलाला बोलावलं. आम्हा सगळ्यांना सरळ दिसतोय, एकट्या मामींना वाकडा. आम्ही हसलो. मी तर म्हटलं, "मामी, मामांच्या संगतीत राहून तुम्हाला सगळंच वाकडं दिसायला लागलंय." हे वाक्य आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हसली नाही ती फक्त ही. हिने मामींचा एकेक डोळा हाताने झाकून बघितला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेलं. डाव्या डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज होती. डॉक्टर म्हणाले, डोळ्यात इंजेक्शनं द्यावी लागतील, दर महिन्याला एक, आणि लवकर सुरू करा. ती योजनेत मिळत नाहीत, तेव्हा कोल्हापूरला जाऊन पदरचा खर्च करावा लागेल. मामांनी औषधाचं नाव विचारलं, आणि ते ऐकल्याबरोबर त्यांचा चेहरा असा काही उजळला, की डॉक्टरांनाही कळेना. "अहो, हे तर पुढच्या महिन्याच्या बैठकीत आहे!" घरी आल्यावर मामा आलेखापुढे उभे राहिले. डोळ्यांकडे कल चढता. परदेशातल्या दोन समित्यांनी घेतलेलं. संशय आठापैकी एक भाग. "होणार! मंजूर होणार! महिन्याभरात इथल्या सरकारी दवाखान्यात मिळायला लागेल. उगाच घाटरस्त्याने तिला हेलपाटे कशाला?" मी भांडलो. म्हटलं, "मामा, डोळा काय समितीच्या तारखेसाठी थांबणार आहे?" खर्चाचं आपण बघू म्हटलं, त्यावर त्यांनी नुसता हात उडवला. मग मी मामींकडे वळलो, तर मामी गोधडीला टाके घालत म्हणाल्या, "यांनी जन्मभर दुसऱ्याच्या अंदाजासाठी आकडे पाठवले. आता स्वतःचा अंदाज सांगतायत, तर तो मी नाही ऐकायचा तर कुणी ऐकायचा?" आणि खरं सांगायचं तर आलेख मलाही पटला होता.

बैठक झाली. बांबूवर हळदी तुकडा चढला. अधिक पुरावा मागवावा. पुढची बैठक झाली, पुन्हा हळदी. मामा म्हणाले, "दोनदा ढकललं की तिसऱ्यांदा घेतात, असा कल आहे." तिसऱ्यांदाही हळदी. आणि पुरावा तरी कसला हवा होता यांना? तर माणसाला दोन डोळे असतात, एक गेला तरी दुसरा असतो, तेव्हा पहिल्याच डोळ्याला हे औषध देऊन नेमका किती गुण वाढतो ते स्पष्ट होत नाही. एका डोळ्याने दैनंदिन व्यवहार बहुतांशी चालतात. हे वाक्य माझ्या यंत्रातून छापून बाहेर आलं! मी ते वाचलं आणि माझं डोकंच फिरलं. अरे चालतात म्हणजे काय रे? या ना बैठकीला एकेक डोळा बांधून! जिना उतरून दाखवा, कपात चहा ओतून दाखवा, सुई ओवून दाखवा! पुरावा हवाय ना, मग या इकडे चढ चढून, आमच्या मामी सरबत पेल्याच्या बाहेर ओततात आणि वर म्हणतात "सांडलं वाटतं", तो पुरावा बघा! हे सगळं मी भर दुकानात मोठ्याने बोललो. मामा माझ्यासमोर उभे होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. "त्यांची मोजणी चुकलेली नाही, जावईबापू. मी तपासली." त्या क्षणी मला समितीचा जास्त राग आला की मामांचा, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात हिने कुणालाही न विचारता गाडी ठरवली आणि मामींना कोल्हापूरला नेलं. मामा आणि मी मागून गेल्यासारखे बरोबर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मग म्हणाले, "पडद्यावर व्रण धरलाय. आता या डोळ्यात इंजेक्शन देऊन उपयोग नाही. तीन महिने आधी आणायला हवं होतं तुम्ही." एरवी मामा कुठेही बसतात आणि निम्मं बोलणं त्यांच्या डाव्या बाजूने वाहून जातं. त्या दिवशी ते मुद्दाम उजवा कान पुढे करून बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं. उजव्या डोळ्यातही थोडी सुरुवात दिसतेय, डॉक्टर म्हणाले, रोज एखादी सरळ उभी वस्तू बघायला सांगा, ती जरा वाकडी दिसली तर त्याच दिवशी निघून या. येताना आंबा घाट उतरल्यावर मामींनीच विचारलं, कुणाला भूक लागलीय का.

आणि मग निर्णय आला. मंजूर! दसरा होऊन गेला होता, मी नुकतंच शटर वर केलं होतं आणि मोबाइलवर मामांनी ते पान धाडलं, नेहमीच्या आरोळीशिवाय, नुसतंच. औषध योजनेत घ्यावं, असा निर्णय. कुणासाठी? तर ज्यांचा एक डोळा निकामी झाला आहे, त्यांच्या दुसऱ्या डोळ्यासाठी. म्हणजे आमच्या मामी आता पात्र ठरल्या. पात्र! एक डोळा फीसारखा भरल्यावर पात्र! मी यंत्र बंद केलं, रांगेतल्या माणसांना दुसरीकडे जा म्हणून सांगितलं आणि तडक चढ चढून मामांच्या घरी गेलो, ते भांडायलाच. मामा बूट घालून पडवीत खुर्चीत बसले होते, मांडीवर पांढऱ्या उपरण्याची घडी. "अंदाज खरा ठरला," म्हणाले, आणि उपरण्यावरून हात फिरवत राहिले. माझा तोल गेला. "लावा! लावा तांबडा पंचा! नाहीतर तो बांबू उपटून द्या समुद्रात फेकून! यांच्या मंजुरीचं कौतुक करायचंय आपण?"

मामी आतून आल्या. हात पदराला पुसले, मामांच्या मांडीवरचं उपरणं उचललं आणि पायरी पायाने चाचपत अंगणात गेल्या. दोरीची गाठ त्यांना दोनदा सापडली नाही, तिसऱ्यांदा सापडली. "कशाला गो?" मामा म्हणाले. मामी दोरी ओढत होत्या, वळल्यादेखील नाहीत. "कशाला म्हणजे? माझा उजवा आहे ना अजून. गुहागरला, मालगुंडला माझ्यासारख्या किती जणी असतील, त्यांनी काय तुमच्या रागापायी आंधळं व्हायचं?" पांढरं उपरणं वर गेलं. खाली बंदरात जाळी आवरत असलेल्या तांडेलाने ते बघितलं आणि हात उंच केला. मी आत जाऊन पाणी प्यालो.

मामांनी त्याच संध्याकाळी आलेख भिंतीवरून काढला. तिथे आता चौकोनी पांढरा डाग आहे. साडेआठचे बूट मात्र चालू आहेत. फक्त समित्यांच्या आधी एक नवं निरीक्षण असतं. मामींना पायरीवर उभं करायचं, डावा डोळा हाताने झाकायला लावायचा, आणि विचारायचं, "बांबू कसा दिसतो?" वहीत त्यासाठी पहिलाच रकाना आखलाय. मामी सांगतील ते लिहायचं, खाली सही. दहा वाजता ते पान माझ्याकडे नकलेला येतं, कारण महिन्याच्या महिन्याला सगळी पानं डॉक्टरांना दाखवायची असतात. बांबू सरळ. बांबू सरळ. बांबू सरळ. मध्यंतरी मी न राहवून विचारलं, "मामा, किती दिवस राहील हो असं? तुमचा अंदाज काय?" त्यांनी पेनाला टोपण लावलं. "अंदाज माझ्या अखत्यारीत नाही, जावईबापू."

ही पानं मी पाठकोऱ्या कागदावर काढत नाही. आज दहा वाजून गेले तरी मामांचा पत्ता नव्हता. सव्वादहा झाले. दाखल्यांची रांग बाहेर पायरीपर्यंत गेली होती, आणि मी एकाचा दाखला दुसऱ्याच्या हातात देत होतो. दोनदा उठून रस्त्यावर डोकावून आलो. तिसऱ्यांदा उठलो तेव्हा कोपऱ्यावरून, रिक्षाच्या भोंग्याच्या वरताण, ती आरोळी आली. "जावईबापू! सरळ!" रांगेतली बाई दचकली आणि मला म्हणाली, "अहो, काय सरळ?"

"बांबू," मी म्हटलं, आणि यंत्राकडे तोंड करून कोरा कागद भरायला लागलो.